चौकटी कंसातलं कोल्हापूर

मराठी विकिपीडियावर महाराष्ट्रातल्या हजारो गावांची पानं आहेत. त्यांतली कितीतरी पानं अशी, की गावाचं नाव बदललं तर बाकी पान तसंच्या तसं दुसऱ्या गावाला चालून जाईल. वर एक वाक्य: हे गाव अमुक जिल्ह्यातल्या तमुक तालुक्यात आहे. खाली ओळीने मथळे: हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे. हवामानाखाली उन्हाळा-पावसाळ्याची ठरावीक वाक्यं आणि बाकीच्या मथळ्यांखाली बऱ्याचदा काहीच नाही. कोणीतरी सांगाडा उभा करून ठेवला आणि पुढचं काम त्या गावाला ओळखणाऱ्यावर सोडलं.

विकीवर लिहायला शिकायचं असेल तर अशा पानापासून सुरुवात करावी. तिथे बिघडण्यासारखं फारसं काही नसतं, आणि त्या गावाबद्दल तुम्हाला जे ठाऊक असतं ते विकीवरच्या जुन्याजाणत्यांना ठाऊक नसतं. पानाच्या वरच्या बाजूला 'संपादन' असं लिहिलेलं असतं. त्यावर टिचकी मारली की पान लिहायला खुलं होतं. परवानगी मागावी लागत नाही. खातं उघडलेलं बरं, टोपणनाव घेतलं तरी चालतं. अगदीच धीर होत नसेल तर 'धूळपाटी' नावाचं एक पान खास हात बसवण्यासाठी ठेवलेलं आहे. तिथे काहीही लिहावं, मोडावं, पुसावं.

हा मोकळेपणा आधीच्या एका फसलेल्या प्रयोगातून आला. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी २००० साली न्यूपीडिया नावाचा इंटरनेटवरचा ज्ञानकोश सुरू केला. लेख तज्ज्ञांनी लिहायचे आणि तपासणीच्या सात पायऱ्या ओलांडल्यावरच छापायचे, असा नियम होता. पहिल्या वर्षभरात दोन डझन लेखही तडीस गेले नाहीत. मग त्यांनी वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी प्रोग्रॅमरची युक्ती उचलली. त्याने २५ मार्च १९९५ रोजी प्रोग्रॅमर मंडळींसाठी एक संकेतस्थळ उघडलं होतं. त्यावरचं कुठलंही पान वाचणाऱ्याला तिथल्या तिथे बदलता येत होतं. १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला तो याच पद्धतीवर. आधी छापा, मग तपासा. मराठी विकिपीडिया २००३ सालचा.

कनिंगहॅमच्या विकीत एक गोष्ट मात्र अशी होती, की ती तशीच राहिली असती तर मराठी विकी निघूच शकला नसता. एका पानावरून दुसऱ्या पानाचा दुवा द्यायचा तर दोन इंग्रजी शब्द मध्ये जागा न सोडता जोडायचे आणि प्रत्येकाचं पहिलं अक्षर कॅपिटल करायचं. यंत्र त्यावरून दुवा ओळखायचं. देवनागरीत कॅपिटल अक्षर आणायचं कुठून? विकिपीडियाने २००१ सालीच ही रीत सोडली आणि दुव्यासाठी दुहेरी चौकटी कंस घेतले. इंग्रजीवाल्यांची अडचण वेगळी होती, एका शब्दाच्या शीर्षकाला दुवा देता येत नव्हता. पण त्या बदलामुळे कॅपिटल अक्षरं नसलेल्या जगातल्या सगळ्या लिप्यांना वाट मिळाली.

खुणा

लिहिण्याच्या आज दोन पद्धती आहेत. एक 'यथादृश्य' संपादक, २०१३ पासून आलेला. त्यात पान जसं दिसतं तसंच समोर येतं आणि वर्डसारखी बटणं दाबून काम होतं. दुसरा स्रोत संपादक. त्यात मजकूर आणि त्यातल्या खुणा उघड्या दिसतात. नवख्याला यथादृश्य सोपा वाटतो आणि तो वापरायला हरकत नाही. तरी स्रोत वाचता आला पाहिजे असं माझं ठाम मत आहे. पानावर काहीतरी विचित्र दिसू लागतं तेव्हा त्याचं कारण स्रोतातच सापडतं, बटणांत नाही.

खुणा मोजक्याच आहेत. शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अपॉस्ट्रॉफी दिल्या की अक्षर तिरपं होतं, तीन-तीन दिल्या की ठळक. त्या सरळ लागतात. मोबाइलचा कीबोर्ड कधी कधी आपल्याच हुशारीने त्या वाकड्या करतो, मग काहीच घडत नाही आणि माणूस चक्रावतो. मथळ्याच्या दोन्ही बाजूंना बरोबरची दोन-दोन चिन्हं, पोटमथळ्याला तीन-तीन. ओळीच्या सुरुवातीला तारका दिली की बिंदूंची यादी, हॅश दिला की आकड्यांची. परिच्छेद पाडायला मध्ये एक अख्खी ओळ रिकामी सोडावी लागते; नुसतं एकदा एंटर दाबून भागत नाही.

आणि परिच्छेदाच्या सुरुवातीला जागा सोडू नये. शाळेत निबंध लिहिताना आपण बोटभर जागा सोडतो, तोच हात इथेही चालतो. विकीला मात्र ओळीच्या आरंभीची एक स्पेस म्हणजे 'हा मजकूर जसाच्या तसा दाखव' अशी आज्ञा वाटते. मग तो परिच्छेद एका राखाडी चौकटीत जाऊन बसतो.

मराठीत आणखी एक घोळ जुन्या फाँटांचा. गावच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका डीटीपीवाल्याकडून मिळते, त्यातला मजकूर उचलून विकीत चिकटवावा तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा उतरतो. श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी हे फाँट युनिकोडचे नव्हेत. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असतात, आणि फाँट काढून घेतला की मागे रोमनच उरतं. त्यावर उतारा म्हणजे परिवर्तक वापरणं, किंवा सरळ पुन्हा टंकणं. नाहीतरी स्मरणिका जशीच्या तशी उतरवणं प्रताधिकारात बसत नाही, तेव्हा स्वतःच्या शब्दांत टंकणंच बरं.

दुवे

विकीला विकीपण येतं ते दुव्यांनी, आणि मराठी माणसाची खरी परीक्षाही तिथेच होते.

नियम एका वाक्याचा आहे: ज्या पानाकडे जायचं त्याचं नाव दुहेरी चौकटी कंसात लिहायचं. [[कोल्हापूर]] लिहिलं की कोल्हापूरच्या पानाचा दुवा झाला. इंग्रजीत एवढ्यावर काम भागतं, कारण तिथे गावाचं नाव वाक्यात कुठेही आलं तरी बहुधा तेच राहतं. आपल्याकडे माणूस कोल्हापूरला निघतो आणि कोल्हापुरात उतरतो. पुण्याहून येतो, साताऱ्यास थांबतो. विभक्ती लागली की नावाचं सामान्यरूप होतं, दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो, 'पुणे'चा 'पुण्या' होतो. आणि [[कोल्हापुरात]] किंवा [[पुण्यात]] नावाचं पान विकीवर कसं असणार?

प्रत्यय मूळ नावाला न बदलता लागत असेल तर काम सोपं आहे. [[नाशिक]]ला असं लिहिलं, की कंसाला चिकटून आलेला प्रत्ययही दुव्यात ओढला जातो आणि वाचणाऱ्याला 'नाशिकला' हा अख्खा शब्द निळा दिसतो. नाव बदलत असेल तिथे कंसात उभी रेघ द्यायची: [[कोल्हापूर|कोल्हापुरात]]. रेघेच्या डावीकडे पानाचं नाव, उजवीकडे वाक्यात दिसणारा शब्द. मराठी स्रोतात ही उभी रेघ जागोजागी भेटते. काही नवे लेखक तिचा कंटाळा करतात आणि दुवा सोपा जावा म्हणून 'कोल्हापूर येथे', 'पुणे येथे', 'सातारा या ठिकाणी' असं लिहीत सुटतात. विकीवरची बरीचशी मराठी सरकारी पत्रासारखी वाटते त्यामागे हा आळस आहे, असा मला दाट संशय आहे. रेघ द्यावी आणि मराठी लिहावं.

दुवा निळा आला म्हणजे पान आहे. लाल आला म्हणजे नाही, आणि यात चूक काही नाही. तालुक्यातल्या एखाद्या नदीचं पान व्हायला हवं असं वाटत असेल तर लाल दुवा खुशाल ठेवावा. त्यावर टिचकी मारली की कोरं पान उघडतं, आणि पुष्कळ लेख असेच जन्माला आले आहेत.

काही वेळा मात्र पान असूनही दुवा लाल येतो. अशा वेळी 'वऱ्हाड' हा शब्द घेऊन बसावं. त्यातला अर्धा ऱ संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. एका प्रकारात नुक्त्याचा स्वतंत्र ऱ, त्याला हलन्त आणि पुढे ह. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह आणि पुढे ह. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द. (साधा र आणि हलन्त एवढंच दिलं तर रफार येतो आणि डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो, दर्या!) ॲ चंही तेच. 'ॲ' या अखंड अक्षराला युनिकोडमध्ये जागा मिळाली २००८ साली. मराठी विकी त्याच्या पाच वर्षं आधीचा, त्यामुळे जुन्या लेखकांनी अ वर चंद्र देऊन ते अक्षर घडवलं. म्हणून 'ॲमेझॉन' शोधायला जावं तर एक निघतो, दुसरा निघत नाही. विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टंकण्याची सवयही अशीच. 'दु:ख' आणि 'दुःख' छापून घेतले तर फरक कळणार नाही, पण विकीत अपूर्णविरामाला वेगळं काम आहे: 'सदस्य:', 'साचा:', 'वर्ग:' अशी पानांची घराणी तो पाडतो, आणि ओळीच्या आरंभी आला तर मजकूर आत सरकवतो.

यावरचा इलाज म्हणजे पुनर्निर्देशन. एका नावावरून थेट दुसऱ्या पानाकडे पाठवणारं हे एका ओळीचं पान असतं. पु. ल. देशपांडे हे नाव कोणी टिंबानंतर जागा सोडून लिहितं, कोणी जागा न सोडता, कोणी पुरुषोत्तम लक्ष्मण असं पूर्ण. तिन्ही नावं एकाच पानावर पोचली पाहिजेत. उलटी अडचण खेडसारख्या नावांची. एक खेड रत्नागिरी जिल्ह्यात, एक पुणे जिल्ह्यात. शिरूर तर पुण्यात, बीडमध्ये शिरूर कासार आणि लातुरात शिरूर अनंतपाळ. अशा वेळी मधे एक निःसंदिग्धीकरणाचं पान घालतात आणि वाचणाऱ्याला विचारतात, तुम्हाला यांतलं कोणतं हवं? ही कामं कोणाच्या नजरेत भरत नाहीत. नवख्याने मात्र ती आवर्जून करावीत, कारण यात वाद नाही, संदर्भ शोधावा लागत नाही आणि उपयोग रोजचा आहे.

साचे

गावाच्या पानावर उजवीकडे नकाशा, लोकसंख्या, पिनकोड, दूरध्वनी संकेतांक यांची एक चौकट दिसते. स्रोतात पाहिलं तर तिथे चौकट नसते, दुहेरी महिरपी कंसांत एक नाव आणि खाली रकान्यांची यादी असते. हा साचा. चौकट कशी दिसावी हे एकदाच, दुसऱ्या एका पानावर लिहून ठेवलेलं असतं आणि हजारो पानं ते तिथून ओढून घेतात. पेणच्या कारखान्यात साच्यातून निघालेल्या गणपतीचं नाक नंतर साचा दुरुस्त करून सुधारत नाही. इथे सुधारतं, साचा बदलला की त्याच्यातून आधी निघालेली सगळी पानं बदलतात. म्हणूनच नवख्याने साच्याच्या पानाला हात लावू नये, फक्त आपल्या पानावरचे रकाने भरावेत. एक महिरपी कंस चुकून पुसला तर चौकट विस्कटते आणि सगळा कच्चा मजकूर पानावर सांडतो. घाबरू नये, कंस परत द्यावा. जतन करण्याआधी 'झलक' पाहायची सवय असली तर एवढीही वेळ येत नाही.

काय लिहायचं

आता गावाबद्दल लिहायचं. इथे एक नियम आडवा येतो आणि तो पुष्कळांना खटकतो: जे लिहाल ते आधी कुठेतरी विश्वासार्ह ठिकाणी छापलेलं असलं पाहिजे. गावात नळ येण्याआधी कुठल्या विहिरीचं पाणी प्यायचे, यात्रेत पहिला मान कोणाचा, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं आणि कुठल्याच पुस्तकात नसतं. 'आजी सांगायची' हा संदर्भ विकी धरत नाही.

मला हा नियम खेड्यांवर थोडा अन्याय करणारा वाटतो. ज्या समाजांचं छापील दप्तर मोठं, त्यांची पानं भरतात. ज्यांचं ज्ञान तोंडी, त्यांचे मथळे रिकामे राहतात. पण नियम काढून टाकला तर काय होईल याची कल्पना भावकी पाहिलेल्या माणसाला करता येईल. पहिला सरपंच कोण, कुठल्या आळीतलं देऊळ जुनं, वेशीचं नाव काय, यावर रोज रात्री पान उलटंपालटं होईल. संदर्भ मागितला की निदान भांडण कागदावर येतं.

आणि शोधलं तर कागद सापडतात. २०११ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकांत गावनिहाय घरं, लोकसंख्या, शाळा, पाणी, रस्ते यांची माहिती आहे. इंग्रजी अमदानीत जेम्स कॅम्पबेल यांच्या देखरेखीखाली मुंबई इलाख्याचे गॅझेटियर निघाले. साताऱ्याचा खंड १८८५ चा. त्यात मोठ्या गावांचे बाजार, देवळं, घाट यांची वर्णनं आहेत. जिथे शब्दाला संदर्भ मिळत नाही तिथे छायाचित्र कामाला येतं. गावाबाहेरच्या वीरगळाचा, जुन्या बारवेचा, यात्रेतल्या पालखीचा स्वतः काढलेला फोटो विकिमीडिया कॉमन्सवर मुक्त परवान्याखाली चढवता येतो आणि तिथून पानावर आणता येतो. दुसऱ्याने काढलेला किंवा व्हॉट्सॲपवर फिरत आलेला मात्र नाही.

भाषेचं एक पथ्य. गावच्या पानावर 'निसर्गाच्या कुशीत वसलेलं सुंदर गाव' आणि 'थोर, कर्तृत्ववान, लाडके' अशी विशेषणं हमखास येतात. फ्लेक्सवर ती शोभत असतील, ज्ञानकोशात ती टिकत नाहीत. नावामागचे मा., श्री., प. पू. हेही जातात. आदरार्थी बहुवचन मात्र राहतं. 'टिळक मंडालेला होते' हा मराठीचा स्वभाव आहे, स्तुती नव्हे.

इतिहास

जतन करण्याआधी बदलाचा सारांश लिहायला एक छोटी जागा असते. नवे लोक ती रिकामी सोडतात. तसं करू नये. 'जनगणनेचा संदर्भ दिला', 'शुद्धलेखन', 'दुवा दुरुस्त' एवढं लिहिलं तरी पुढच्याचा वेळ वाचतो, कारण तुमचा बदल लगेच 'अलीकडील बदल' या यादीत जातो आणि ती यादी कोणीतरी वाचत बसलेलं असतं. तिथे माणसं असतात, विकीची देखरेख करणारे प्रचालक असतात आणि सांगकामेही असतात. सांगकाम्या म्हणजे ठरवून दिलेलं काम आपोआप करत सुटणारा प्रोग्रॅम.

विकीवर पुसलेलं सहसा नाहीसं होत नाही. प्रत्येक पानाला 'इतिहास' असतो, त्यात प्रत्येक आवृत्ती जपलेली असते आणि कोणत्याही दोन आवृत्त्या शेजारी ठेवून फरक पाहता येतो. म्हणून उत्पात करणाऱ्याला पान खराब करायला जेवढा वेळ लागतो त्याहून कमी वेळात ते पूर्ववत होतं. याच सोयीने तुमचा चांगला हेतूही एखाद्या दिवशी उलटवला जाईल. तेव्हा पुन्हा तोच मजकूर घालू नये. पानामागे 'चर्चा' असते, तिथे जाऊन विचारावं आणि शेवटी चार टिल्डा चिन्हं द्यावीत. त्यांच्या जागी तुमचं नाव आणि वेळ आपोआप उमटते. लेखात मात्र सही करायची नसते. एका पानापुरता न राहणारा प्रश्न असेल तर 'चावडी' आहे.

वाचत शिकायचं असेल तर

लिहायला अजून धजावत नसाल तर विकिस्रोत पाहावा. प्रताधिकार संपलेली पुस्तकं तिथे स्कॅन करून ठेवतात आणि पान-पान टंकून, तपासून मजकूर करतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं उलटली की पुस्तक सगळ्यांचं होतं. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११ पासून मुक्त आहे. ज्ञानकोशकार केतकर १९३७ मध्ये गेले; त्यांचे तेवीस खंड त्याआधीच खुले झाले.

इथे पडद्यावर छापील पानाचं चित्र आणि यंत्राने वाचलेला मजकूर शेजारी शेजारी येतात. यंत्र 'घ' चा 'ध' करतं, 'भ' चा 'म', ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द तुटकाच ठेवतं. चित्र पाहून ते दुरुस्त करायचं. न तपासलेल्या पानाचा रंग लाल, एकाने तपासलं की पिवळा, दुसऱ्याने पुन्हा तपासलं की हिरवा. आपणच पिवळं केलेलं पान आपल्याला हिरवं करता येत नाही, प्रणाली करूच देत नाही. दुसऱ्या वाचकासाठी थांबावं लागतं.

या कामात शुद्धलेखनाची आवड आवरावी लागते. साहित्य महामंडळाचे नियम १९६२ चे. त्याआधीच्या पुस्तकांत 'कांहीं', 'नाहीं', 'घरांत' असे अनुस्वार भरपूर असतात आणि आजच्या शिक्षकाचा हात तिथे शिवशिवतो. ते काढायचे नाहीत. पानावर 'कांहीं' छापलं असेल तर 'कांहीं'च टंकायचं. छापखान्याची उघड चूक वाटली तर तीही परस्पर न बदलता त्या पानाच्या चर्चेत मांडून ठेवायची.